चार वाजताचा चहा आणि तिबेटची घंटा

एनिड टिडमार्शबाईंनी आयुष्यात एकच रेकॉर्डिंग केलं, तेही चहा द्यायला जाताना. त्या अकरा सेकंदांवर पुढच्या पन्नास वर्षांत माणसांनी लेख लिहिले, मैत्र्या मोडल्या, टी-शर्ट छापले. बाईंची नोकरी मात्र त्याच आठवड्यात गेली.

लंडनातल्या विल्सडनमध्ये रेल्वेपुलाच्या मागे क्लेव्हली स्टुडिओ होता. पूर्वी तिथे गाद्यांचं गोदाम होतं, त्यामुळे भिंती आवाज छान शोषून घेतात असं मालक गिऱ्हाइकांना सांगायचे. भिंती शोषून घ्यायच्या ती ओल, हे तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाच्या गुडघ्यांना ठाऊक होतं. एनिडबाई तिथे नऊ वर्षं चहा देत होत्या. सकाळी साडेदहाला एकदा आणि दुपारी चारला एकदा. त्यांची ट्रॉली लोखंडी, कडेच्या आकड्यांना बत्तीस हिरवे जाड कप टांगलेले, वर भलीमोठी किटली, शेजारी पत्र्याच्या ताटात चमचे. पुढचं डावं चाक पहिल्या दिवसापासून लंगडं होतं. त्याबद्दल त्यांनी वरती तीनदा लेखी कळवलं होतं आणि तिन्ही वेळा ‘नोंद घेतली आहे’ असं उत्तर आलं होतं. चहा मात्र कधी चार वाजून एक मिनिटाने आला नव्हता. नवऱ्याला, लेनला, अपेंडिक्ससाठी दवाखान्यात नेलं त्या दिवशीही बाई चारचा चहा देऊन मगच गेल्या, आणि लेनला त्यात काही वावगं वाटलं नाही. तो घरोघरचे गॅसचे मीटर वाचायचा, त्याला वेळेची किंमत होती.

सदुसष्टच्या उन्हाळ्यात इंग्लंडातल्या पोरांना एकाएकी ज्ञानप्राप्ती झाली. जी पोरं कालपर्यंत एकसारखे कोट घालून ‘माझी छकुली, माझी छकुली’ करत होती, ती आता आजोबांचे लष्करी डगले घालून, गळ्यात मणी अडकवून फुलपाखरं, बागा आणि विश्वाचा अंत यांवर गाऊ लागली. ‘द मार्झिपॅन अंब्रेला’ ही चौघांची टोळी त्यातलीच. चौघेही केटरिंगचे, म्हणजे बुटांच्या गावचे. टोळीचा म्होरक्या कीथ स्प्रॉट. त्याचे वडील कारखान्यात टाचा ठोकायच्या खात्यात होते. कीथने मात्र लंडनच्या गाडीत बसल्या बसल्या स्वतःचं नाव ‘ओरायन’ ठेवलं. आईला हे कळवलेलं नव्हतं, त्यामुळे ती स्टुडिओत फोन करायची तेव्हा ‘आमचा कीथ जेवला का’ असंच विचारायची. ड्रम वाजवणारा बर्नी पेल हा बर्नीच राहिला, कारण दुसरं काही व्हायचं त्याला सुचलंच नाही. उरलेले दोघे गिटार आणि ऑर्गन वाजवायचे आणि कीथ म्हणेल त्याला मान डोलवायचे.

त्यांचं गाणं होतं ‘काचेच्या बागेतला शनिवार’. गाण्यात एक बाई होती, ती बागेत बसल्या बसल्या हळूहळू काच होत जाते. का होते, ते गाण्यात सांगितलेलं नव्हतं. दोन मिनिटं झाली की सगळी वाद्यं थांबायची आणि अकरा सेकंद पूर्ण शांतता. त्या शांततेत ऐकणाऱ्याला स्वतःचा आत्मा दिसेल, असं कीथचं म्हणणं होतं. त्यासाठी चार भाडोत्री व्हायोलिनवालेही आणले होते. पन्नाशीचे गृहस्थ ते. त्यांना आत्म्याचं काही नव्हतं. दोन ते पाच काम, चारला चहा, चहा आला नाही तर गज खाली, पाच वाजले तरी गज खाली, हा त्यांच्या युनियनचा नियम, आणि तो खिशात छापील होता.

आता दिव्याचं. स्टुडिओच्या दारावर एक लाल दिवा असे. दिवा लागला की आत रेकॉर्डिंग चालू, कुणी आत जायचं नाही. त्या आठवड्यात सोमवारीच दिव्याचा बल्ब गेला. बल्ब बदलायला एक मिनिट लागतं, हे लहान पोरालाही कळतं. पण त्या काळी इंग्लंडात बल्ब बदलायचा तो वीजवाल्याने. दुसऱ्या कुणी हात लावला असता तर वीजवाल्यांच्या युनियनने सबंध स्टुडिओ बंद पाडला असता. आणि वीजवाला होता बायकोमुलांसह समुद्रावर, सुट्टीला, पुढच्या सोमवारपर्यंत. तेव्हा स्टुडिओचे मॅनेजर मिस्टर क्रॅबट्री यांनी डोकं चालवलं. त्यांनी दिव्याखाली सुबक अक्षरात एक पाटी लावली: ‘हा दिवा लागला आहे असे समजावे.’ ही पाटी चोवीस तास तिथेच होती. म्हणजे सकाळी झाडूवाली आत केर काढत असतानाही दिवा लागलेला, आणि रात्री कुलूप घातल्यावरही लागलेलाच. सोमवार, मंगळवार, बुधवार एनिडबाई त्या पाटीखालून चारला आत गेल्या, कुणी हूं की चूं केलं नाही.

गुरुवारी दुपारी दोनपासून कीथने आठ वेळा गाणं बिघडवलं. दोनदा त्याला उदबत्तीच्या धुराने ठसका लागला, एकदा गळ्यातले मणी तुटून ऑर्गनमध्ये गेले, बाकीच्या वेळी आपण नेमके कोण आहोत असा प्रश्न त्याला ऐन कडव्यात पडला. नवव्या वेळी सगळं जमून आलं. गाणं सुरू झालं तेव्हा चार वाजायला दोन मिनिटं कमी होती. दोन मिनिटांनी वाद्यं थांबली, शांतता झाली, आणि दार उघडलं.

उंबरठ्यावर लंगडं चाक आपटलं, बत्तीस कप एकदम किणकिणले, ताटातले चमचे थरथरले, किटलीचं झाकण वाजलं, आणि मग ट्रॉली फरशीवरून घरघरत व्हायोलिनवाल्यांपर्यंत गेली. मोजून अकरा सेकंद. बर्नीने सवयीने पुढचा ठोका दिला, बाकीचे आपोआप वाजवू लागले आणि गाणं संपलंसुद्धा. ते संपेपर्यंत एनिडबाई किटली हातात धरून शहाण्यासारख्या गप्प उभ्या होत्या.

“कुणी सोडलं या बाईला आत?” कीथ ओरडला.

“चार वाजलेत, राजा,” एनिडबाई म्हणाल्या. “दोन चमचे साखर ना तुला?”

व्हायोलिनवाल्यांनी गज खाली ठेवले आणि चहा घेतला. बर्नीने तीन चमचे साखर घालून घेतली आणि ‘थँक्यू, मिसेस टी’ म्हणाला. कीथ संडासात जाऊन रडला. तो बाहेर आला तेव्हा पाचला दहा मिनिटं होती. तेवढ्यात त्याने गळ्याला मफलर गुंडाळला, गरम पाणी घेतलं, मग पाच वाजले आणि व्हायोलिनवाले घरी गेले. पुन्हा त्यांना बोलावण्याची ऐपत कुणाची नव्हती, म्हणून रेकॉर्ड निघाली ती चहासकट.

शुक्रवारी मिस्टर क्रॅबट्रींनी बाईंना बोलावलं. कीथ तिथेच खिडकीपाशी पाठ करून उभा होता. या बाईने आम्हाला बरबाद केलं, हिला काढा, नाहीतर आम्ही दुसरा स्टुडिओ बघतो, असं तो आधीच सांगून बसला होता.

“दाराला पाटी होती, मिसेस टिडमार्श.”

“पाटी होती. दिवा बंद होता.”

“दिवा लागलाय असं समजा, असं पाटीवर लिहिलं होतं.”

“ते ती सोमवारपासून म्हणतेय, साहेब. तसं समजले असते तर आठवडाभर तुम्हाला चहा नसता मिळाला. तुम्ही स्वतः बुधवारी दोन कप घेतलेत.”

उत्तर नसलं की साहेब चिडतात. “ही ट्रॉली आणि तुम्ही, दोघीही आजपासून माझ्या डोळ्यांसमोर नकोत,” मिस्टर क्रॅबट्री म्हणाले. एनिडबाई शब्दाच्या पक्क्या. त्यांनी कप आकड्यांना लावले, किटली रिकामी केली आणि ट्रॉली ढकलत रस्त्याने दीड मैल घरी आल्या. वाटेत तिघांनी चहा मागितला. स्टुडिओत त्यांच्या जागी एक यंत्र आलं. त्यात कुठलंही बटण दाबलं तरी टोमॅटो सूपच्या चवीचं गढूळ पाणी यायचं, आणि त्याची मात्र कुणी तक्रार केली नाही.

रेकॉर्ड खपाच्या यादीत एक आठवडा सत्तेचाळिसाव्या क्रमांकावर राहिली आणि मग कुठे गेली कुणाला कळलं नाही. टोळी अकरा महिन्यांत फुटली. मग नाचता येईना अंगण वाकडं, तसं कीथने जो भेटेल त्याला सांगितलं की चहावाल्या बाईने आमचं आयुष्य नासवलं. एनिडबाईंनी एक प्रत विकत आणली आणि दिवाणखान्यात एकदा लावली. लेनने पाइप बाजूला ठेवून ऐकलं.

“मधला तुझा भाग बरा आहे,” तो म्हणाला. “बाकी समजलं नाही.”

बाई हसल्या नाहीत. बाहेरच्यांना त्या खंबीर वाटायच्या, पण चार पोरांचं नशीब आपण चमच्यांच्या ताटासकट उधळून लावलं, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. रात्री त्या लेनला विचारायच्या, “दिवा बंदच होता ना रे?” लेन कधी त्या स्टुडिओत गेलेला नव्हता, तरी म्हणायचा, “बंदच होता.”

खरी साक्ष होती ती बर्नीची. तो केटरिंगला परत जाऊन गालिचे विकू लागला. दर नाताळला त्याचं कार्ड यायचं: आधी बायकापोरांची खुशाली, आणि शेवटी नेमाने एक ओळ, ‘दिवा बंद होता, मिसेस टी. मी पाहिलं होतं.’ बाईंनी पुढे बावीस वर्षं शाळेत मुलांना जेवण वाढलं, लेनला पोचवलं, दोन्ही गुडघे बदलून घेतले, आणि दर डिसेंबरात ते कार्ड कपाटावर सगळ्यांच्या पुढे ठेवलं. दोन हजार नऊच्या डिसेंबरात कार्ड आलं नाही. जानेवारीत बर्नीच्या मुलीचं पत्र आलं. त्या दिवशी बाईंनी भाचीला, मॉरीनला, फोन केला आणि ते पत्र दोनदा वाचून दाखवलं.

इकडे जगात वेगळंच चाललं होतं. जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्या मंडळींनी नव्वदच्या सुमाराला ‘काचेच्या बागेतला शनिवार’ शोधून काढली. हे लोक फार गुणी. गाजलेलं काही त्यांना आवडत नाही आणि पडलेलं काहीही त्यांना थोर वाटतं. दोन मिनिटांनंतरचे ते अकरा सेकंद ऐकून त्यांची शुद्ध हरपली. हा आवाज कशाचा? रुपर्ट हॅम नावाच्या गृहस्थाने त्यावर चौदा पानी लेख लिहिला आणि सोबत आलेख काढला. मग कुणीतरी कीथला हुडकलं. पंचवीस वर्षं तो खिडक्यांना दुहेरी काचा बसवून देत होता. काचेचा नाद अगदीच सुटला नव्हता म्हणायचा. त्याने ताबडतोब पुन्हा ओरायन व्हायचं मान्य केलं.

“ती तिबेटातल्या मठातली घंटा,” त्याने सांगितलं. “माझ्या काकांनी आणली होती. मौनाच्या गर्भातून नाद यावा, अशी माझी कल्पना होती.”

काका समुद्रापार एकदाच गेले होते, ते पलीकडच्या फ्रान्सातल्या कॅलेपर्यंत, आणि बोट लागून आजारी पडून परत आले होते. पण घंटा दर मुलाखतीत मोठी होत गेली. पाचव्या मुलाखतीत ती सात धातूंची झाली आणि आठव्यात एका मरणपंथाला लागलेल्या लामाने ती कीथच्या नावाने राखून ठेवली होती असं कळलं. ज्या आवाजापायी बाईंना हाकललं, तोच आता कीथसाहेबांची प्रतिभा ठरला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा.

मॉरीन संतापली. “मावशी, तू बोलत का नाहीस? अख्ख्या जगाला सांग की ते आपले कप होते.”

“उगाच बोभाटा कशाला,” बाई म्हणाल्या. त्या पिढीला बोभाट्याची भीती मरणाहून जास्त. तरी त्यांनी एक सभ्य पत्र मासिकाला पाठवलं. उत्तरात संपादकांनी आभार मानले आणि कळवलं की तज्ज्ञांच्या मते तो नाद उच्च प्रतीच्या प्राचीन मिश्रधातूचा असून चमच्यांचा असणं शक्य नाही. बाईंना घंटेचं श्रेय नकोच होतं. त्यांना एवढंच हवं होतं की त्या खोलीत असलेल्या कुणीतरी चार माणसांत सांगावं, दिवा बंद होता, या बाईची चूक नव्हती. आणि व्हायोलिनवाले, मग बर्नीही गेल्यावर असं सांगू शकणारा कीथ एकटाच उरला होता, कारण ते मान डोलवणारे दोघे त्या दिवशीही कीथकडेच बघत होते.

दोन हजार सतरात गाण्याला पन्नास वर्षं झाली. केटरिंगमध्ये बुटांच्या जुन्या कारखान्याचं सभागृह झालं होतं, तिथे कार्यक्रम ठरला. दुपारी तीनला, कारण भक्तगण सत्तरीचे आणि त्यांना उजेडात घरी पोचायचं होतं. महिनाभर आधी कीथ विल्सडनला बाईंच्या दारात हजर. सत्तर वर्षांचा, मागे पांढरी शेंडी, गळ्यात पुन्हा मणी. बाई एक्याण्णवच्या.

“ये, कीथ,” त्या म्हणाल्या. “दोन चमचे ना अजून?”

“आता मधुमेह आहे,” कीथ म्हणाला. मग कप फिरवत बसला. नेपाळहून तीन घंटा मागवल्या, एक बर्मिंगहॅमहून घेतली, पण कशातच तो आवाज नाही, हे त्याने चाचरत सांगितलं. “तो हॅम पहिल्या रांगेत बसणार. जपानहून माणसं येतायत. त्यांना लगेच कळेल. मिसेस टिडमार्श, ती ट्रॉली अजून आहे का हो?”

ट्रॉली स्वयंपाकघरात होती. तिच्यावर कोथिंबीर आणि पुदिन्याच्या कुंड्या होत्या.

“आहे की. चाकही तसंच लंगडं आहे. पण आधी मला सांग, दिवा लागला होता का?”

“पाटी होती ना,” कीथ म्हणाला.

“मी पाटीचं नाही विचारलं.”

कीथने बिस्किट बुडवलं. ते बुडून तळाला गेलं. “माझी टी-शर्टवर घंटा छापून झालीय हो. आता लोकांना काय सांगू?”

“ते तुझं तू बघ. ट्रॉली मी ढकलणार, चारला ढकलणार, आणि दिव्याचं तू सगळ्यांसमोर सांगायचंस. जमत असेल तर ने.”

“पडद्यामागून ढकला,” कीथ म्हणाला, “आणि दिव्याचं... बघतो मी.” बघतो म्हणजे काय, हे एनिडबाईंनी चाकाच्या बाबतीत नऊ वर्षं अनुभवलं होतं. तरी त्या हो म्हणाल्या.

मॉरीनने व्हॅन ठरवली. कुंड्या उतरवल्या, कप घासले, आकड्यांना लावले. आता ते एकोणतीस उरले होते. बाईंनी पडद्यामागे सभागृहाच्याच स्वयंपाकघरातून गरम पाणी आणून खरोखरचा चहा केला. मॉरीन म्हणाली, “मावशी, चहा कशाला? नुसता आवाज हवाय त्याला.” बाईंनी तिच्याकडे असं बघितलं की ती दूध आणायला गेली.

ठरल्याप्रमाणे तीन अठ्ठावन्नला गाणं सुरू व्हायचं होतं. पण तीनशे माणसं समोर बघून कीथच्या अंगात ओरायन संचारला. तीन पन्नासला त्याने घंटेची हकीकत सांगायला घेतली. मठ आला, बर्फ आला, काका आले. तीन सत्तावन्नला लामा आजारी पडला. दिव्याचं नाव नाही. तीन एकोणसाठला लामा अजून मरत होता आणि एनिडबाई मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होत्या.

चार वाजले. बाईंनी पडदा बाजूला सारला आणि ट्रॉली ढकलली. रंगमंचाच्या पट्टीवर चाक आपटलं, एकोणतीस कप किणकिणले, चमचे थरथरले, झाकण वाजलं. तीनशे माणसांनी तो आवाज हजारदा ऐकलेला होता. पहिल्या रांगेतला रुपर्ट हॅम अर्धवट उभा राहिला आणि तसाच राहिला. ट्रॉली घरघरत माइकपाशी येऊन थांबली, आणि मग सबंध सभागृहात जी शांतता झाली ती कीथला पन्नास वर्षांपूर्वी हवी होती.

बाईंनी एक कप बिनसाखरेचा ओतून कीथसमोर धरला. दुसऱ्यात तीन चमचे साखर घातली आणि तो ड्रममागच्या रिकाम्या खुर्चीवर नेऊन ठेवला. बर्नीची मुलगी तिसऱ्या रांगेत होती, तिने तोंडावर हात घेतला.

“मी आले तेव्हा,” बाईंनी हळू विचारलं, पण माइक समोरच होता, “दिवा कसा होता, कीथ?”

कीथने हॅमकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं, मग त्या खुर्चीवरच्या कपाकडे पाहिलं.

“बंद होता,” तो म्हणाला. “बंद होता, मिसेस टिडमार्श. मला तेव्हाही माहीत होतं.”

बाईंनी मान डोलावली. त्यांनी हात ट्रॉलीच्या दांडीवर ठेवला.

“पी मग,” त्या म्हणाल्या. “गार होतोय.”